विषय नाही, काम!

शाळेतल्या निबंधांचे विषय सगळ्यांना पाठ असतात: पावसाळ्यातील एक दिवस, पडक्या किल्ल्याचे मनोगत, सूर्य उगवला नाही तर... विषयांत खोट नाही. पण त्यांची उत्तरं गाइडात तयार मिळतात, आणि मग रायगड काय, जंजिरा काय, सगळे किल्ले एकाच सुरात रडतात.

म्हणून आमच्या कुमार कथास्पर्धेत आम्ही विषयाऐवजी काम देतो. एसटी स्टँडवर अर्धा तास बसा, कानावर पडलेल्या एका वाक्यापासून गोष्ट सुरू करा. किंवा घरातला कुणी न उघडणारा डबा उघडा. मागे एका मुलीच्या डब्यात गंजलेल्या किल्ल्या निघाल्या. त्यांची कुलपं कुणी हरवली यावर आजी-आजोबांची जुंपली. भांडण इतकं फर्मास उतरलं होतं, की ऱ्हस्व-दीर्घाकडे परीक्षकांनी काणाडोळा केला.

बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून मुलांसाठी निघतं, मुलांचं लेखनही छापतं. तरी लिहिणाऱ्या मुलांच्या मानाने जागा अपुरीच, म्हणून ही स्पर्धा.

पालकांनो, कथा ‘सुधारून’ पाठवू नका. चाळिशीतला हात लगेच ओळखू येतो! शब्दमर्यादा पाचशे, गोष्ट तीनशेत संपली तर ताणू नका.