गिरणीला मोकळे दार, बियाण्याला पोलीस



१९ ऑगस्ट २०२५ ला केंद्र सरकारने परदेशी कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला. आधी म्हणाले ३० सप्टेंबरपर्यंत. दहा दिवस होतात न होतात तोच मुदत ३१ डिसेंबरपर्यंत नेली. या तारखा नीट पाहा. ऑगस्टात पऱ्हाटीला पाती-फुले लागलेली असतात. बियाणे, खत, निंदण, फवारणी, सगळा पैसा मातीत गेलेला असतो. दसऱ्याच्या सुमाराला वेचणी सुरू होते आणि गरजू शेतकऱ्याचा कापूस डिसेंबरपर्यंत विकून होतो. आपण विकायला निघतो नेमके तेवढेच दिवस दार उघडे! हेच पेरणीआधी सांगितले असते तर काहींनी तरी दुसरे पीक घेतले असते.

कारण काय दिले? अमेरिकेने आपल्या कापडावर ५० टक्के कर लावला, गिरण्या अडचणीत आल्या. अडचण खरी आहे, आम्ही ती नाकारत नाही. पण गिरणीला मदत करायची तर सरकारने आपल्या तिजोरीतून करावी. कास्तकाराच्या खिशात हात का? कामगारांचा रोजगार वाचवायला केले, असेही सांगतात. त्या करमाफीत कामगाराच्या पगाराची एक तरी अट दाखवा.

लांब धाग्याला ८११० रुपये हमीभाव आहेच की, असे आम्हाला ऐकवले गेले. तो मिळवायला ॲपवर नोंदणी, आधार, सातबारा. आणि ओलावा १२ टक्क्यांवर गेला की गाडी परत. त्या सप्टेंबरात पावसाने काय केले ते आम्ही सांगायला नको. भिजलेला कापूस खेडा खरेदीत हमीभावाच्या कितीतरी खाली गेला.

आम्ही आयातीला भीत नाही. बाजार खुला करा, हे आपणच सांगत आलो. पण दोन्ही अंगांनी खुला करा. मार्च २०१२ मध्ये कापसाची निर्यात एका रात्रीत बंद केली होती. तेव्हाचे कृषिमंत्री शरद पवार यांनाही विचारले नव्हते. भाव चढला की निर्यात बंद, उतरला की आयात मोकळी. याला कोणी खुला बाजार म्हणत असेल तर म्हणो बापडे.

आणि अमेरिका, ब्राझीलचा जो कापूस येतो तो बहुतेक तणनाशक सोसणाऱ्या वाणांचा. तेच बियाणे आपण पेरले तर २०२४ पर्यंत पाच वर्षांपर्यंत कैदेचा कायदा होता. कापसाच्या नव्या जनुकीय तंत्रज्ञानाला आपल्याकडे शेवटची परवानगी मिळून कित्येक वर्षे झाली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी उघडपणे ते बियाणे पेरले, तर गुन्हे दाखल झाले. गाठ आली तर पाहुणा, बी आले तर चोर!

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने २०२५ च्या कापसाच्या हिशेबपट्ट्या आणाव्यात. गावागावात हमीभावापेक्षा किती कमी मिळाले त्याची यादी करून खासदाराच्या हातात द्यायची आहे. खेडा खरेदीवाल्याने पावती दिली नसेल तर तारीख, वजन आणि भाव साध्या कागदावर लिहून आणा.