नर्मदेची लाइन आणि घरचे बोअरिंग

२०२५ च्या डिसेंबरअखेर इंदूरच्या भागीरथपुऱ्यात नळाच्या पाण्यात मैलापाणी मिसळले. शेकडो लोक आजारी पडले, माणसे दगावली. मुख्य जलवाहिनीला गळती होती आणि त्याच जागेवर शौचालय होते, असे तपासणीत आढळले. २०१७ पासून स्वच्छतेचा मान मिरवणाऱ्या शहरात हे घडले, त्यामुळे लोकांचा संताप रास्तच होता. नगर निगमची जबाबदारी त्यातून सुटत नाही.

परंतु एक गोष्ट समाजबांधवांनी समजून घ्यायला हवी. गळक्या नळातून पाणी बाहेर जायला हवे. घाण आत कशी शिरते? उत्तर दाबात आहे. जलूदहून सुमारे ७० किलोमीटर आणलेले नर्मदेचे पाणी आपल्याकडे बहुतेक वस्त्यांत एक दिवसाआड, ठरावीक वेळच सुटते. बाकीचा वेळ लाइनमध्ये दाब नसतो. पाणी सुटले की घरोघरी थेट लाइनवर मोटारी लागतात आणि त्या पाण्याबरोबर भोवतालची घाणही ओढून घेतात.

अमेरिकेत वूस्टर येथील होली क्रॉस कॉलेजात १९६९ साली असेच झाले. जवळच्या आगीसाठी बंबांनी पाणी घेतले, दाब उतरला आणि मैदानाजवळच्या खड्ड्यातले दूषित पाणी पिण्याच्या नळात ओढले गेले. फुटबॉल संघातील बहुतेकांना काविळीची लागण झाली व उरलेले सामने रद्द करावे लागले. तिथे तर पाणी चोवीस तास होते!

दुसरा धोका आपण स्वतः निर्माण करतो. रामबाग असो वा लोकमान्यनगर, अनेक जुन्या घरांत नर्मदेची लाइन आणि बोअरिंगची लाइन एकाच पाइपला जोडलेली असते, मध्ये फक्त एक व्हॉल्व्ह. ‘व्हॉल्व्ह बंदच असतो, काय बिघडते?’ असे म्हटले जाते. व्हॉल्व्ह झिजतो, कधी कुणी उघडा विसरतो. मग बोअरिंगची मोटार सुरू झाली की ते पाणी उलटे सार्वजनिक लाइनमध्ये ढकलले जाते आणि शेजारच्या घरात पोहोचते. ज्याच्या घरी जोड आहे त्याला पत्ताही लागत नाही.

उपाय महागडे नाहीत. दोन्ही लाइनी पूर्ण वेगळ्या ठेवाव्यात. हौद किंवा टाकीत पडणारा नळ काठाच्या वर, नळाच्या व्यासाच्या किमान दुप्पट आणि निदान एक इंच उंच असावा. मधली ही मोकळी हवा सर्वांत खात्रीची. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह जरूर बसवावा, पण त्यात कचरा अडकतो, म्हणून त्याच्यावरच विसंबू नये. मोटार लाइनवर न लावता हौदावर लावावी. रबरी पाइपचे टोक बादलीत किंवा गाडी धुण्याच्या पाण्यात बुडवून ठेवू नये. मीटरच्या खड्ड्यात पाणी साचत असेल तर ते काढून गळका जोड लगेच बदलून घ्यावा.

एवढे घरचे झाले. निगमकडून काय मागायचे, हेही स्पष्ट असावे. प्रत्येक वॉर्डात शेवटच्या नळाशी क्लोरीन तपासून आकडे लोकांसमोर लावावेत. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवे. ड्रेनेजशेजारच्या जुन्या लाइनी आधी बदलाव्यात. नवीन कनेक्शन देताना बोअरिंगचा जोड तपासावा.

पार्षद मत मागायला येतात तेव्हा आपल्या वस्तीत रस्ता, दिवे आणि गणेशोत्सवाचा मांडव एवढेच बोलणे होते. यापुढे पहिला प्रश्न नळाच्या पाण्याचा असावा. मात्र तो विचारण्याआधी मंडळाच्या प्रत्येक सदस्याने प्लंबरला बोलावून आपल्या वाड्यातला जोड तपासून घ्यावा. वाड्यात चार बिऱ्हाडे असतील तर खर्च चौघांनी वाटून घ्यावा. आपली लाइन साफ असली म्हणजे निगमला जाब विचारताना आपला आवाजही ठाम राहील.