हॅव म्हणजे 'के पास' नव्हे!

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' या वाक्यावर आपल्या हॉस्टेलमध्ये जेवढे जोक झालेत, तेवढे मेसच्या डाळीवरसुद्धा झाले नसतील. बोलणारी बहुधा बिहार, यूपी नाहीतर एमपीची असते आणि हसणारे आपण कॉन्व्हेंटवाले. कॉन्व्हेंटमध्ये आपल्याला 'हॅव' कुणी शिकवलं नाही, ते कानावर पडून आलं. म्हणून कुणी विचारलं की 'बस, ऐसा ही होता है' म्हणून आपण मोकळे!

माझ्या रूमवर रात्री जेवणानंतर फर्स्ट इयरच्या तिघी इंग्लिशला बसतात. तिघी हिंदी मीडियमच्या. त्यांच्या वहीत क्लासमध्ये उतरवलेलं होतं : हॅव म्हणजे 'के पास होना'. माझ्या मते सगळी गडबड इथेच आहे. हिंदीत 'हॅव'सारखं क्रियापदच नाही. (मराठीतही नाही, उगाच कॉलर ताठ करू नका.) पेन असेल तर 'मेरे पास पेन है'. पण भाऊ असतील तर 'मेरे दो भाई हैं', ताप असेल तर 'मुझे बुखार है' आणि खोलीचं म्हणाल तर 'कमरे में तीन खिड़कियाँ हैं'. जवळची वस्तू वेगळी, नात्याचं माणूस वेगळं, अंगावर आलेलं दुखणं वेगळं. 'दीवार' (१९७५) मधला शशी कपूरचा आईवाला डायलॉग आठवा. समोरचा बंगला-गाडी मोजतोय आणि हा त्याच 'पास'च्या हिशेबात आई मांडतो! नुसतं 'मेरी माँ है' म्हणाला असता तर थिएटरात एक शिट्टी वाजली नसती.

इंग्लिशला हे फरक दिसतच नाहीत. आय हॅव अ पेन, आय हॅव टू ब्रदर्स, आय हॅव अ फीवर, द रूम हॅज थ्री विंडोज. खोलीसुद्धा मालकीण! म्हणून मी तिघींना शब्दाला शब्द लावूच देत नाही. 'के पास', 'का', 'को', 'में' ही शेपटं कुणाला लागलीत ते आधी बघायचं. शेपूट कापायचं ('मुझे'चं 'मैं' करायचं), तो शब्द सगळ्यात पुढे आणायचा आणि मग हॅव.

हिंदीत 'है' की 'हैं' हे वस्तूकडे बघून ठरतं. 'उसके दो भाई हैं', कारण भाऊ दोन. 'ही हॅव टू ब्रदर्स' त्यातूनच येत असावं. इंग्लिशमध्ये भाऊ शंभर असोत, बघायचं मालकाकडे. तो एकटा, म्हणून हॅज. आणि ते 'आय ॲम हॅविंग'? मला वाटतं, 'है' म्हणजे इज-ॲम हे इतकं घोटलेलं असतं की ते आधीच जागा पकडतं आणि बिचाऱ्या हॅवला आयएनजी लावून मागे उभं राहावं लागतं. (आपले काही सरसुद्धा असंच म्हणतात, पण ते जाऊ दे.) शेपटाची सवय झाली की 'मुझे जाना है' फुकटात मिळतं : आय हॅव टू गो. तेच 'मुझे', तेच 'है'. क्लासमध्ये मात्र त्याचा वेगळा धडा असतो!

२०२१ पासून जेईई मेन १३ भाषांत देता येते. हिंदीत पेपर सोडवून आलेली मुलगी इथे पहिल्या दिवसापासून इंग्लिश लेक्चरला बसते, आणि व्हायव्हात उत्तर येत असूनही गप्प राहते. मार्क जातात ते फिजिक्सचे. कम्युनिकेशन स्किल्सच्या लॅबमध्ये आपण हेडफोन लावून ॲक्सेंट ऐकतो. त्यातला अर्धा तास हिंदी-मराठी वाक्यं अशी उलगडून दाखवायला दिला तर काय बिघडेल? सर, मॅडम, विचार व्हावा.

'मुझे भूख लगी है' मात्र या युक्तीत बसत नाही. शेपूट कापलं तरी 'आय हॅव हंगर' होत नाही, 'आय ॲम हंग्री'च. तहान, झोप, थंडी, भीती, सगळ्यांचं तेच. ती यादी पाठच करावी लागते. सध्या ती माझ्या कपाटाच्या दारावर चिकटवलेली आहे, ज्यांना हवी त्यांनी उतरवून न्यावी.