कोयता घेताना

कपाशीची उलंगवाडी झाली की यवतमाळ जिल्ह्यात धुरे साफ करण्याची कामे निघतात. बोर, बाभूळ, बेशरम तोडायला मजूर घरचाच कोयता नेतो. म्हणून तो पारखून घ्यावा.

लोहाराला आधी लोखंड विचारा. गाडीच्या पाट्याचा कोयता टिकतो. पातळ पत्र्याचा बाभळीच्या गाठीवर वाकतो. धारेवर कानस हलकेच फिरवा. लोखंड सहज खरवडले तर पाणी कमी दिले आहे असे समजा. पात्याचे शेपूट मुठीतून आरपार काढून मागे वळवलेले असावे, नाहीतर पाते निसटून शेजारच्याला लागते. वजन अर्धा ते पाऊण किलो पुरे. जड कोयत्याने दुपारनंतर हात भरून येतो आणि घाव चुकतो. बाई वापरणार असेल तर तिलाच उचलून पाहू द्या.

तोडलेल्या काट्यांत हात घालण्याआधी काठी फिरवा. खाली घोणस असू शकते. कोयता लागलाच तर हळद भरत बसू नका. जखम साबणपाण्याने धुवा आणि सरकारी दवाखान्यात धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या.

हातावर पोट असणाऱ्याने चार पैसे वाचवायला हातच गमावू नये.