विनामूल्य वाटेचा जमाखर्च

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रॉकी पर्वताच्या कुशीत, एस्टेस पार्क नावाचे एक लहानसे गाव आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसात हजार फूट उंचीवरील या गावाची कायमची वस्ती सहा हजारांच्या आसपास आहे. लागूनच असलेल्या रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यानात मात्र वर्षाकाठी चाळीस लाखांहून अधिक भेटींची नोंद होते. गावातील हॉटेले, खाणावळी आणि भेटवस्तूंची दुकाने याच वर्दळीवर चालतात. थोडक्यात, डोंगर हेच या गावाचे भांडवल आहे.

या उद्यानात उन्हाळ्याच्या दिवसांत एक साधासा कार्यक्रम पाहावयास मिळतो. ठरलेल्या जागी वीस-पंचवीस अनोळखी माणसे जमतात. रुंद काठाची टोपी घातलेला रेंजर त्यांना घेऊन सावकाश चालू लागतो. बारा हजार फुटांवर, वृक्षांच्या सीमेच्याही वर, तो गुडघ्यावर बसून जमिनीला चिकटलेला फुलांचा एक इवलासा गादीसारखा पुंजका दाखवितो. कडाक्याच्या थंडीमुळे त्याची वाढ अत्यंत मंद असते. त्याला पहिले फूल यावयासच दहा-दहा वर्षे लागतात, आणि अनेकांच्या पायांखाली तुडवली गेलेली जागा सावरण्यास कित्येक दशके जातात. हे ऐकताच पुढे टाकलेले पाऊल माणसे आपसूक मागे घेतात. जवळच दगडांच्या राशीतून पायका नावाचा, मुठीत मावेल एवढा प्राणी तोंडात गवत धरून धावताना दिसतो. हिवाळ्याची बेगमी म्हणून तो गवत उन्हात वाळवून दगडांखालच्या कोठारात साठवितो. मुले हसतात, वडीलधारी माणसे कौतुकाने पाहतात. तास-दीड तासाने फेरी संपते. उद्यानाच्या प्रवेशशुल्काखेरीज तिच्यासाठी कोणालाही काहीही द्यावे लागत नाही.

हिशेबाची सवय असलेल्या मनात येथे एक शंका सहज उमटते. फुकट मिळणाऱ्या वस्तूचे मोल कोणी ना कोणी मोजलेले असतेच. मग या फेरीचे मोल कोणी मोजले?

त्याचे उत्तर शोधण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागते. १८८४ साली एनॉस मिल्स हा चौदा वर्षांचा मुलगा कॅन्ससमधील घर सोडून या खोऱ्यात आला. पुढे १४,२५९ फूट उंचीच्या लाँग्ज पीक या शिखरावर त्यांनी वाटाड्या म्हणून अडीचशेहून अधिक वेळा लोकांना नेले. रानावनात ते बंदूक न बाळगता हिंडत. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी शिखराच्या पायथ्याशी निवासगृह चालविण्यास घेतले. तेथील पाहुण्यांसाठी दारू, पत्ते आणि नाच वर्ज्य होते. त्यांचा वेळ रानवाटांवर जाई. शिखर गाठून देण्यापेक्षा वाटेवरचे झाड, पाखरू आणि खडक यांची ओळख करून देणे हे वाटाड्याचे खरे काम आहे, असे मिल्स मानीत. त्यांच्या लेखनामुळे आणि व्याख्यानांमुळे या पर्वताकडे देशाचे लक्ष वेधले गेले व २६ जानेवारी १९१५ रोजी राष्ट्रीय उद्यान अस्तित्वात आले. १९१७ साली एस्थर आणि एलिझाबेथ बर्नेल या भगिनींना निसर्ग-मार्गदर्शक म्हणून अधिकृत परवाना मिळाला. स्त्रियांना असा परवाना मिळण्याची ही पहिलीच वेळ होती.

मिल्स यांचा मात्र हा चरितार्थ होता. निसर्गाची ओळख सर्वांना विनामूल्य व्हावी, या विचाराला सरकारी बळ मिळाले ते एका व्यापाऱ्यामुळे. स्टीफन मॅथर यांनी टाकणखाराच्या धंद्यात मोठी संपत्ती मिळविली होती. १९१६ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय उद्यान सेवेचे ते पहिले संचालक झाले. त्याआधीच, १९१५ साली, योसेमिटी उद्यानातून जाणारा टायोगा रस्ता स्वतःच्या व मित्रांच्या पैशांतून विकत घेऊन त्यांनी तो सरकारच्या स्वाधीन केला होता. १९१९ च्या उन्हाळ्यात टाहो सरोवराच्या परिसरात त्यांनी एक दृश्य पाहिले. एक प्राध्यापक पक्ष्यांविषयी सांगत होते आणि सुटीची मौज करण्यासाठी आलेली माणसे तल्लीन होऊन ऐकत होती. मॅथर यांच्यातील व्यापाऱ्याने त्या गर्दीत मागणी ओळखली. पुढच्याच वर्षी, १९२० साली, ते प्राध्यापक लॉय मिलर आणि त्यांचे सहकारी हॅरोल्ड ब्रायंट यांच्याकडून योसेमिटीत विनामूल्य निसर्ग-मार्गदर्शन सुरू झाले. कालांतराने तो प्रघात देशभरातील उद्यानांत रुजला.

आज एस्टेस पार्कजवळच्या या फेऱ्यांचा भार अनेकजण वाटून घेतात. रेंजरचे वेतन सरकार देते. १९३१ साली स्थापन झालेली एक साहाय्यक संस्था उद्यानाच्या माहिती केंद्रांत पुस्तके व नकाशे विकते आणि त्यातून उरलेली रक्कम उद्यानाच्या कामी लावते. शरद ऋतूत एल्क जातीची मोठी हरणे माजावर येऊन कुरणांत साद घालू लागतात. तेव्हा गर्दीला आवर घालण्यासाठी आणि माहिती देण्यासाठी स्वयंसेवक रस्त्याच्या कडेला उभे राहतात. त्यांत निवृत्त माणसे पुष्कळ असतात. वेतन नसले तरी नेमून दिलेली वेळ ते चुकवीत नाहीत.

या व्यवस्थेचे मोल गावाला एकदा फार कठोरपणे कळले. सप्टेंबर २०१३ मध्ये कोलोरॅडोत महापूर आला. मैदानी प्रदेशातून एस्टेस पार्ककडे येणारे दोन्ही मुख्य रस्ते जागोजागी वाहून गेले. त्यातून गाव सावरते न सावरते तोच १ ऑक्टोबरला केंद्र सरकारच्या खर्चाची मंजुरी अडली आणि देशातील सर्व राष्ट्रीय उद्याने बंद झाली. अ‍ॅस्पेनची पाने सोन्यासारखी पिवळी होण्याचा आणि हरणांच्या सादेचा तो हंगाम. हिवाळ्यापूर्वीच्या कमाईचे शेवटचे दिवस. उद्यानाचे दार बंद असताना दुकानाचे दार उघडे ठेवून काय साधणार? अखेर कोलोरॅडो राज्याने दहा दिवसांच्या खर्चापोटी ३,६२,७०० डॉलर केंद्राकडे भरले, तेव्हा उद्यान उघडले.

तोवर उद्यानाचा खर्च एका वहीत आणि गावाची कमाई दुसऱ्या वहीत लिहिली जात होती. त्या दोन आठवड्यांत दोन्ही वह्या एकच असल्याचे सर्वांना दिसले. तरीही हाताशी माणसे कमी पडली की कात्री बहुधा प्रथम अशा फेऱ्यांनाच लागते, कारण त्यांची पावती फाटत नाही आणि त्यांचे उत्पन्न कोणत्याही रकान्यात दिसत नाही. रस्ता खचला तर तक्रार होते. न झालेल्या फेरीबद्दल कोणी तक्रार करीत नाही. पुढच्या वर्षी तुडवलेल्या फुलांतून ते नुकसान हळूहळू उघड होते.

डेन्व्हरपासून हे गाव मोटारीने सुमारे दीड तासाच्या अंतरावर आहे. मुलांकडे अमेरिकेस जाणारी महाराष्ट्रातील ज्येष्ठ मंडळीही तेथे पोहोचतात. त्यांच्यासाठी बेअर लेकसारख्या तळ्याभोवतीची मैलाहून कमी लांबीची वाट सोयीची आहे. उंचीमुळे दम लवकर लागतो. म्हणून पाणी जवळ ठेवून सावकाश चालावे. उन्हाळ्यात दुपारनंतर विजा चमकतात, त्यामुळे उघड्या माथ्यावरून दुपारपूर्वी उतरावे. अलीकडच्या वर्षांत उन्हाळी हंगामात मोटारीने प्रवेशासाठी वेळ आधी राखून ठेवावी लागते, तीही चौकशी करून घ्यावी.

फेरी संपली की रेंजर टोपीला हात लावून निरोप घेतो. त्या टोपीत नाणे टाकण्याची रीत तेथे नाही. ऋण मात्र उरते. ते फेडण्याचा मार्ग त्याने वाटेतच दाखविलेला असतो: पुढच्या वळणावर पाऊल टाकण्यापूर्वी खाली पाहावे, आणि मागून येणाऱ्या अनोळखी माणसालाही ते फूल दाखवावे.