अस्सल आणि नक्कल

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन वैमानिकांची शिरस्त्राणे जमविणारा एक वर्ग युरोप-अमेरिकेत आहे. त्या राजवटीचे उदात्तीकरण होत नसेल तोवर या छंदाला नाक मुरडण्याचे कारण नाही. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला तर त्यात पुष्कळ सापडते.

हिवाळ्यासाठी चामड्याच्या, उन्हाळ्यासाठी कापडी आणि पुढे जाळीच्या अशा टोप्या त्या काळी निघाल्या. कानांवर श्रवणयंत्रे, गळ्याशी ध्वनिग्राहक. याउलट चामड्याखाली पोलादी पट्ट्या असलेले ‘एसएसके ९०’ आज अतिशय दुर्मीळ. साहजिकच त्याच्या नकला निघाल्या.

विक्रेत्याला मालाचा दोष ठाऊक आणि ग्राहकाला नाही, अशा बाजारातून चांगला माल हळूहळू हद्दपार होतो, हे जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. येथे तर कित्येकदा विक्रेताही अनभिज्ञच! म्हणून जाणकार शिवण, अस्तर, तारांची जोडणी, निर्मात्याची चिठ्ठी न्याहाळतो. अर्थात चिठ्ठी अस्सल आणि टोपी बनावट, हेही संभवते.

या खुणा छापून प्रसिद्ध कराव्यात काय? त्याने नकलाकारांचेच फावेल, असे काही संग्राहक म्हणतात. हा युक्तिवाद आम्हांस पटत नाही. नकलाकार पैसे मोजून अस्सल नमुना मिळवील आणि उसवून पाहील. पगारातून शिल्लक टाकून एखादी टोपी घेणाऱ्याला मात्र छापील वर्णनाखेरीज दुसरा आधार नाही.