निशिगंधाचे चित्र

मैत्री कशावरून जमेल याचा काही नेम नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी फिलाडेल्फियातल्या एका खाणावळीत दोन तरुण जेवायला बसले होते. पुढ्यात आलुबुखारांची बशी. तिच्यावरून जे बोलणे निघाले ते तीसएक वर्षे पुरले! एक चार्ल्स डीमथ, चित्रकार. दुसरा विल्यम कार्लोस विल्यम्स, डॉक्टरकीचा विद्यार्थी आणि कवी. दोघांचाही जन्म १८८३ चा.

पुढे डीमथला मधुमेह जडला. इन्सुलिन येण्यापूर्वी त्यावर उपाय एकच : उपासमार. घास मोजून खायचे आणि दिवसेंदिवस वाळत जायचे. आणि हा गृहस्थ चित्रे कशाची काढी? फळांची, भाज्यांची, फुलांची! त्याची वांगी तर अशी तुकतुकीत, की आपल्याला भरीत आठवावे.

१९२२ मध्ये त्याने जलरंगांत निशिगंध रंगवला. त्या चित्रावरून विल्यम्सने कविता लिहिली आणि ती असलेले १९२३ चे पुस्तक मित्रालाच अर्पण केले. कवितेत फुलांचे रंग आहेत, दिव्याची ज्योत आहे; आजाराचे अक्षर नाही. लिहिणारा पेशाने डॉक्टर, बरे का! मला त्या दोघांच्या स्नेहातले हेच फार आवडते.

इन्सुलिन मिळालेल्या पहिल्या काही अमेरिकन रुग्णांत डीमथ होता. त्यावर त्याने आणखी बरीच वर्षे चित्रे काढली. १९३५ मध्ये तो गेला. पुढल्याच वर्षी विल्यम्सच्या संग्रहात त्याच्या स्मरणार्थ एक दीर्घ कविता आली. विषय? सायक्लेमेनचे एक किरमिजी फूल.